सीसीटीव्हीच्या काळ्या केबलचं गणित ज्याने सोडवलं, त्याच्याच घरचा गॅस बिल थकल्यामुळे कापला गेला होता

समजा, हायवेला लागून एक मंगल कार्यालय आहे. सोळा कॅमेरे लावलेत. त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर मालकाच्या ऑफिसात कपाटात कुलूपबंद. मालकाला आता तीच चित्रं गेटवरच्या वॉचमनच्या खोलीतही दिसायला हवीत. मधलं अंतर दीडशे मीटर.

पहिला विचार काय येतो? लांब एचडीएमआय केबल आणायची आणि ओढायची. पण साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा द्यायला लागते. चित्र लुकलुकतं, नाहीतर पडदा सरळ काळा. मग मुरलेला सीसीटीव्हीवाला काय करतो? डीव्हीआरच्या मागे ‘व्हिडिओ आउट’ लिहिलेलं गोल बीएनसीचं सॉकेट शोधतो, तिथून आरजी-५९ ची काळी कोएक्सियल केबल गेटपर्यंत नेतो आणि मॉनिटरला लावतो. चित्र एचडी राहत नाही, जुन्या टीव्हीइतकंच स्पष्ट दिसतं, पण दिसतं. गाडी आली, गाडी गेली एवढं वॉचमनला कळायला ते पुरतं. एचडीच हवं असेल तर दोन्ही टोकांना कन्व्हर्टरची डबी लावावी लागते, आणि तीही बऱ्याचदा याच केबलवर चालते.

आता प्रश्न असा, की एचडीएमआयच्या एकोणीस पिनांना जे जमत नाही ते मधे एक तार आणि भोवती जाळी असलेल्या या साध्या केबलला कसं जमतं?

याचं उत्तर ज्याने शोधलं तो माणूस कधी कॉलेजची पायरी चढला नव्हता. त्याला नीट ऐकू यायचं नाही. वयाच्या चोविसाव्या वर्षी नोकरी सोडली ती सोडलीच, पुन्हा आयुष्यात कुठे नोकरी केली नाही. नाव ऑलिव्हर हेविसाइड.

जन्म १८ मे १८५०, लंडनच्या कॅम्डन टाऊनमधला. बाप लाकडावर कोरीवकाम करून छपाईचे ठसे बनवायचा. घरात चार पोरं आणि पैशाची कायम ओढाताण. ऑलिव्हर लहान असतानाच त्याला स्कार्लेट फिव्हर झाला आणि कान अधू झाले. ऐकू कमी येणारं पोर गल्लीतल्या पोरांत मिसळत नाही, ते आपल्या आपल्यात राहायला लागतं. त्याचंही तेच झालं. पुढे वय वाढलं तशी श्रवणशक्ती थोडी सुधारली, पण एकटं राहायची सवय काही गेली नाही.

अभ्यासात मात्र तो हुशार होता. १८६५ साली एका मोठ्या परीक्षेला पाचशेहून जास्त मुलं बसली, त्यात हा पाचवा आला. विज्ञानात बक्षीस मिळवलं आणि भूमितीत मार खाल्ला. युक्लिडची प्रमेयं पाठ करायची ही गोष्टच त्याला पटायची नाही. पुढे शिकायला पैसे नव्हते, त्यामुळे सोळाव्या वर्षी शाळा सुटली.

इथे कामी आला मावशीचा नवरा. हा मावसा म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. चार्ल्स व्हीटस्टोन, ज्याने विल्यम कुकसोबत १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये विजेची तारयंत्रणा उभी केली तोच. नातेवाइकांत असा माणूस असला की पोरांना लाइन मिळते. ऑलिव्हरचा मोठा भाऊ आर्थर तारखात्याच्या धंद्यात होताच, मागोमाग ऑलिव्हरही लागला. अठराव्या वर्षी तो डेन्मार्कला गेला आणि नंतर ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ कंपनीच्या न्यूकॅसलच्या ऑफिसात आला. उत्तर समुद्राच्या तळातून इंग्लंड ते डेन्मार्क अशी केबल गेली होती, तिच्यावर संदेश पाठवायचे आणि बिघाड शोधायचा, हे त्याचं काम.

या केबलमध्ये एक विचित्र भानगड होती. एका दिशेने संदेश भराभर जायचे आणि उलट दिशेने हळू. केबल तीच, तांबं तेच, समुद्र तोच. बाकीचे ऑपरेटर ‘असतं असं’ म्हणून सोडून द्यायचे. हेविसाइडने ते डोक्यात ठेवलं. दोन टोकांना काय जोडलंय त्यावर केबलचं वागणं बदलतं, हे त्याने पुढे गणिताने दाखवलं. गेटवरच्या मॉनिटरची गोष्टही इथेच येऊन अडते, ते पुढे बघूच.

त्या काळात समुद्राखालच्या केबलची अवस्था काय होती, हे कळायला १८५८ सालात जावं लागेल. अटलांटिकच्या तळातून पहिली तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना अभिनंदनाचा संदेश पाठवला. शब्द होते शंभराच्या आत, पण पोहोचायला लागले जवळपास सोळा तास. कारण एका टोकाला दिलेला टक्क झटका दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पसरट, फुगलेला आणि मागच्या-पुढच्या झटक्यांत मिसळलेला असायचा. डॉट कुठला आणि डॅश कुठला तेच कळेना. वाइल्डमन व्हाइटहाउस नावाच्या अधिकाऱ्याला वाटलं, जोर कमी पडतोय. त्याने केबलवर दोनेक हजार व्होल्ट सोडले आणि काही आठवड्यांत केबलच मेली.

चूक जोराची नव्हती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने गणित मांडलं होतं की तारेचा रोध आणि तिची वीज साठवायची क्षमता या दोन गोष्टींमुळे सिग्नल पसरतो. ओल्या भिंतीवर डाग पसरतो तसा. पण हे गणित अर्धवट होतं.

हेविसाइडने १८७४ मध्ये नोकरी सोडली. वय चोवीस. घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. पगाराची नोकरी सोडून पोरगा परत आई-बापाच्या घरी येतो, खोलीचं दार लावून घेतो, दिवा पेटवतो, पाइप ओढतो आणि रात्रभर काहीतरी खरडत बसतो. हातात पुस्तक असायचं मॅक्सवेलचं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ १८७३ साली आला होता आणि तो वाचून भल्याभल्यांना घाम फुटायचा. हेविसाइडला सुरुवातीला त्यातलं फारसं कळत नव्हतं, कारण शाळेच्या पुढचं गणितच शिकलेलं नव्हतं. मग तो ते गणित स्वतःच शिकला आणि काही वर्षांनी मॅक्सवेलला बाजूला ठेवून स्वतःच्या वाटेने निघाला.

मॅक्सवेलची मूळ मांडणी वीस समीकरणांची होती. आज इंजिनिअरिंगची पोरं ‘मॅक्सवेलची चार समीकरणं’ म्हणून जी घोकतात, ती त्या रूपात आणली हेविसाइडने. जर्मनीत हर्ट्झनेही स्वतंत्रपणे तेच काम केलं. नाव अर्थात मॅक्सवेलचंच राहिलं, आणि त्याबद्दल हेविसाइडची तक्रार कधीच नव्हती.

आता केबलकडे येऊ. हेविसाइडने १८७६ पासून केबलचं गणित नव्याने मांडायला घेतलं. थॉमसनने दोन गोष्टी धरल्या होत्या, याने चार धरल्या. पहिली तारेचा रोध. दुसरी दोन वाहकांच्या मधे वीज साठण्याची क्षमता. तिसरी गळती, म्हणजे वेष्टणातून थोडी थोडी झिरपणारी वीज. आणि चौथी, जिला सगळे विसरले होते ती, इंडक्टन्स. इंडक्टन्स म्हणजे विजेच्या प्रवाहाचं जडत्व. भरलेला हातगाडा ढकलायला जड जातो, पण एकदा चालू लागला की थांबायलाही वेळ घेतो, तसं. हे जडत्व धरलं की सिग्नल डागासारखा पसरत नाही, तो लाटेसारखा धावतो. या समीकरणांना आजही टेलिग्राफरची समीकरणं म्हणतात. तारखातं बंद पडलं तरी समीकरणं चालूच आहेत.

मधेच १८८० साली त्याने एक पेटंट घेतलं. ब्रिटिश पेटंट क्रमांक १४०७. टेलिफोन तेव्हा नुकताच आला होता आणि एकाच खांबावरून शेजारी शेजारी तारा गेल्या की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यायचं. हेविसाइडचा उपाय असा, की दोन तारा शेजारी ठेवूच नका, एक तार दुसरीच्या पोटात घाला. बाहेर नळी, मधोमध तार. आतल्या तारेतून जेवढा प्रवाह जातो तेवढाच बाहेरच्या नळीतून उलटा परत येतो. दोघांचे परिणाम बाहेरच्या जगासाठी एकमेकांना खाऊन टाकतात. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. हीच कोएक्सियल केबल. आज हातात घेतलेली आरजी-५९ सोलली तर काळं आवरण, मग तांब्याची जाळी, मग पांढरं प्लास्टिक आणि मधे तार दिसते, ती याच कल्पनेची.

पण १८८० मध्ये एवढी भारी केबल हवी कोणाला होती? कल्पना पडून राहिली. अमेरिकेत एटीअँडटीच्या लॉईड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये एकाच नळीतून शेकडो संभाषणं नेणाऱ्या केबलचं पेटंट मागितलं, तेव्हा कुठे कोएक्सियलचे दिवस फिरले. तोवर हेविसाइड जगात नव्हता.

त्याच्या आयुष्यातलं खरं भांडण मात्र १८८७ सालचं. समोर होता विल्यम प्रीस, ब्रिटिश पोस्ट खात्यातला विजेचा बडा अधिकारी. तेव्हा इंग्लंडमध्ये तार आणि टेलिफोनचं पान पोस्टाशिवाय हलत नसे, आणि पोस्टात प्रीसशिवाय. प्रीस जाहीरपणे सांगत होता की इंडक्टन्स हा शत्रू आहे, तो कमी करा म्हणजे टेलिफोन लांब जाईल. हेविसाइडचं गणित बरोब्बर उलट सांगत होतं. इंडक्टन्स वाढवा! रोध आणि इंडक्टन्सचं प्रमाण गळती आणि साठवणीच्या प्रमाणाइतकं झालं, की सिग्नल बारीक होईल पण त्याचा आकार बिघडणार नाही. आवाज हळू येईल, पण शब्द ओळखू येतील.

हेविसाइड आणि त्याचा भाऊ आर्थर यांनी मिळून टेलिफोनवर एक लेख लिहिला, त्यात हा मुद्दा होता. आर्थर पोस्टात नोकरीला, म्हणजे साहेबाची परवानगी हवी. साहेब म्हणजे प्रीस. परवानगी मिळाली नाही. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकाचा संपादक बिग्ज, जो हेविसाइडचे कुणालाही न कळणारे लेख हौसेने छापायचा, त्याची खुर्ची गेली. नव्या संपादकाने लेखमाला बंद केली, कारण ती कोणी वाचत नाही म्हणे. या लेखमालेचे हेविसाइडला वर्षाला सुमारे ४० पौंड मिळत. तेवढीच त्याची कमाई.

प्रीसला निव्वळ खलनायक करणंही बरोबर नाही. हाच माणूस काही वर्षांनी मार्कोनी नावाच्या विशीतल्या पोराच्या मागे उभा राहिला. पण गणितवाल्या लोकांवर त्याचा राग होता आणि हेविसाइडच्या बाबतीत तो साफ चुकला.

हेविसाइडचा स्वभावही काही गोड नव्हता. प्रीसला लेखांतून असे चिमटे काढायचा की वाचणाऱ्याला हसू यावं आणि प्रीसला झोप येऊ नये.

दिवस पालटले ते १८८९ च्या जानेवारीत. विल्यम थॉमसन तेव्हा विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला होता. अध्यक्षीय भाषणात त्याने केबलच्या प्रश्नावर हेविसाइडच्या कामाचं नाव घेऊन कौतुक केलं. ज्याच्या अर्धवट गणिताला हेविसाइडने पुरं केलं, त्यानेच भर सभेत पाठ थोपटली. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. चाळिशी ओलांडलेला, बेरोजगार, आई-बापासोबत राहणारा माणूस न्यूटनच्या यादीत जाऊन बसला.

एव्हाना कुटुंब डेव्हनमधल्या पेंटनला राहायला आलं होतं, भाऊ चार्ल्सच्या वाद्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. खाली पियानो वाजायचे, वर समीकरणं लिहिली जायची. बरं झालं ऐकू कमी यायचं!

इंडक्टन्सचं पुढे काय झालं? १९०० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल प्युपिन या प्राध्यापकाने टेलिफोनच्या तारेत ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी बसवायचं पेटंट मिळवलं. एटीअँडटीचा जॉर्ज कॅम्पबेलही तेच करत होता आणि त्याने हेविसाइडचं श्रेय मान्य केलं होतं. कंपनीने प्युपिनचं पेटंट लाखो डॉलर मोजून विकत घेतलं. लांब पल्ल्याचा टेलिफोन शक्य झाला. ज्याने तेरा वर्षांपूर्वी हे छापून सांगितलं होतं त्याने या युक्तीचं पेटंटच घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याला मिळाला शून्य.

मित्रांनी, त्यात जॉर्ज फिट्झजेराल्डसारखे मोठे शास्त्रज्ञ होते, खटपट करून १८९६ मध्ये त्याला सरकारी पेन्शन मिळवून दिली, वर्षाला १२० पौंड. मदत म्हणून दिलेला पैसा तो आधी नाकारायचा. हा सन्मान आहे, दया नाही, असं त्याला पटवावं लागलं.

आता त्या दीडशे मीटरवरच्या मॉनिटरकडे परत जाऊ, कारण हेविसाइड तिथे अक्षरशः हजर आहे. आरजी-५९ केबलवर ‘७५ ओहम’ लिहिलेलं असतं. नवा शिकाऊ पोरगा मल्टिमीटर लावून बघतो, काटा हलतच नाही. मग हे ७५ कुठून आले? हा तारेचा रोध नाहीच. केबलचा इंडक्टन्स आणि साठवण यांच्या भागाकाराचं वर्गमूळ काढलं की हा आकडा येतो, आणि तो पाच मीटरच्या तुकड्यालाही ७५ आणि पाचशे मीटरच्या बंडलालाही ७५. धावणाऱ्या लाटेला केबल किती अडवते, त्याचं हे माप. याला इम्पेडन्स म्हणतात, आणि हा शब्दही १८८६ मध्ये हेविसाइडनेच रूढ केला. इंडक्टन्स हा शब्दसुद्धा त्याचाच.

लाट केबलच्या शेवटाला पोहोचली आणि तिथे ७५ ओहम भेटले, तर ती शोषली जाते. नाही भेटले, तर विहिरीच्या काठावर आदळून मागे फिरणाऱ्या लाटेसारखी ती परत येते. दोन्ही टोकं अशी बेजमेची असली, की ती पुन्हा उलटते आणि चित्रावर चित्राचीच फिकी सावली पडते. हिशोब करून बघा. साध्या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या दोन तृतीयांश वेगाने धावतो. शंभर मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे एक मायक्रोसेकंद. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीत पडद्यावरची एक आडवी ओळ ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते. म्हणजे ४० सेंटीमीटर रुंद पडद्यावर सावली पाऊण सेंटीमीटर सरकलेली दिसते.

एकाच केबलवर दोन मॉनिटर लावताना होणारा गोंधळ हाच. जुन्या सीसीटीव्ही मॉनिटरच्या मागे ‘७५ ओहम’ आणि ‘हाय’ असा खटका असतो. दोन्हीकडे ७५ ठेवलं तर चित्र अंधारं, दोन्हीकडे हाय ठेवलं तर भडक. मधल्याला हाय आणि शेवटच्याला ७५, एवढाच नियम.

उंच वारंवारता केबलमध्ये जास्त मार खातात, म्हणून अंतर वाढलं की आधी चित्रातला बारकावा आणि रंग जातो. साधारण दोनशे-अडीचशे मीटरनंतर जाड आरजी-६ घ्यावी, नाहीतर मधे ॲम्प्लिफायर. आणि एक महत्त्वाचं. बाजारात स्वस्तातली केबल मिळते, जिच्यात आतली तार लोखंडी आणि वर तांब्याचा मुलामा असतो. ती डिशला चालते, कारण तिथल्या खूप उंच वारंवारतांचा प्रवाह तारेच्या कातडीवरूनच वाहतो. डीव्हीआरच्या व्हिडिओत मात्र कमी वारंवारताही असतात, त्या तारेच्या गाभ्यातून जातात, आणि गाभा लोखंडाचा. लांब अंतरावर चित्र मरतं. प्रवाह कातडीवरून वाहतो हे ज्यांनी आधी ओळखलं, त्यांतही हेविसाइडचं नाव येतं. म्हणजे केबल घेताना आतली तार सुरीने खरवडून बघायची ती त्याच्यामुळेच.

या माणसाचा आणखी एक उद्योग आपल्या आजी-आजोबांच्या कानापर्यंत पोहोचलाय. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपार सिग्नल पाठवला, तेव्हा पृथ्वी गोल असताना लाटा वळल्या कशा, हे कोडं होतं. ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’त १९०२ मध्ये आलेल्या तारयंत्रावरच्या लेखात हेविसाइडने सुचवलं, की वर हवेत वीज वाहणारा थर असावा. अमेरिकेत आर्थर केनेलीनेही त्याच वर्षी तेच म्हटलं. एडवर्ड ॲपलटनने १९२४ मध्ये प्रयोगाने तो थर दाखवला. त्या आयनांबरावरून लघुलहरी परततात म्हणूनच कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला महाराष्ट्रातल्या वाड्या-वस्त्यांवर ऐकू यायची. ‘कॅट्स’ या संगीतिकेतल्या मांजरी ज्या हेविसाइड लेयरवर जायची स्वप्नं बघतात, तो हाच थर.

शेवटची वर्षं मात्र वाईट गेली. आई-वडील गेले, आणि १९०८ पासून तो टॉर्कीला राहायला आला. घरातलं नेहमीचं सामान जाऊन तिथे ग्रॅनाइटचे धोंडे आले म्हणतात. नखं गुलाबी रंगवायचा. पत्रांवर नावापुढे पदवीसारखी ‘डब्ल्यू. ओ. आर. एम.’ अशी अक्षरं लिहायचा, जोडून वाचली तर ‘वर्म’, म्हणजे किडा. गॅसचं बिल थकलं, कंपनीने जोडणी कापली आणि थंडीत हा माणूस ब्लँकेटं गुंडाळून बसला. केंब्रिजचा सर्ल नावाचा मित्र तेवढा अधूनमधून येऊन बघून जायचा. लोक त्याला वेडा म्हणत. विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९२२ मध्ये फॅराडे पदक सुरू केलं आणि पहिलं यालाच दिलं. तो लंडनला जाणार नाही हे ठाऊक असल्याने अध्यक्ष स्वतः पदक घेऊन टॉर्कीला आले.

शिडीवरून पडल्याचं निमित्त झालं आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला हेविसाइड गेला. वय ७४. पेंटनच्या दफनभूमीत आई-वडिलांच्याच थडग्यात त्याला पुरलं. पुढे दगड झिजला, गवत वाढलं. लोकांनी वर्गणी काढून २०१४ मध्ये ते थडगं नीट केलं, तेव्हा कुठे त्यावरचं ऑलिव्हरचं नाव पुन्हा वाचता यायला लागलं.